घाईचं लग्न आणि रोजची एक गोळी

माझ्या थोरल्या बहिणीच्या फुप्फुसात गाठ निघाली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी ठरली ती तिच्या मुलीच्या लग्नाची तारीख. औषध नंतर ठरलं.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे कोणालाच वाटलं नाही. घरातलं मोठं माणूस जाणार असं दिसू लागलं, की राहिलेलं लग्न त्याच्या डोळ्यांदेखत उरकून घ्यायचं, अशी रीत आहे. माणूस नवरा-नवरीवर फुलं टाकतं आणि मग सुखानं डोळे मिटतं, असं सगळे धरून चालतात. त्यात आम्ही बौद्ध. मुहूर्त पाहत नाही, पत्रिका जुळवत नाही. रविवार असला आणि विहार मोकळा असला की झालं. एरवी मला या सुटसुटीतपणाचा अभिमान आहे. पण घाई करायची म्हटली तर अडवायला काहीच नसतं, ही त्यातली गोम मला त्या हिवाळ्यात समजली. दुसऱ्यांकडे निदान पौष तरी आडवा येतो.

मी देऊळगाव राजात एका शाळेच्या कार्यालयात काम करते. हजेरीपट, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेची बैठक व्यवस्था, सगळं माझ्याकडे. याद्या करायची सवय तिथलीच, पण ती घरातही आली आहे. आमच्या फ्रीजवर कायम एक कागद असतो आणि त्यावर झालेल्या कामांवर रेघा असतात. ताई धामणगाव बढ्याला दिलेली. तिकडे भाऊजींची शेती आहे, कापूस, सोयाबीन, विहिरीच्या पाण्यावर थोडा भुईमूग. विहीर भाऊजींची आणि त्यांच्या भावाची सामाईक आहे. त्यामुळे मोटर कोणी कधी चालू करायची यावरून ताई आणि तिची जाऊ यांच्यात कायमची लढाई. आमच्या घरात ती लढाई बातम्यांसारखी ऐकली जाते.

ताईला खोकला लागला तो मूग तोडणीच्या सुमारास. सगळे म्हणाले धुरळ्यानं झाला. मग वजन उतरायला लागलं, तेव्हा सगळे म्हणाले टीबी. छातीच्या फोटोत डाग दिसला म्हणजे टीबी, हा आमच्या भागातला सरळ हिशेब. थुंकीच्या तपासणीत काही निघालं नव्हतं तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दिवाळी तशीच गेली. खोकला हलला नाही. पुढे दोन पायऱ्या चढल्या की ताईला दम लागू लागला. मी जाऊन तिला माझ्याकडे घेऊन आले, कारण इथून जालना जवळ आणि पुढे संभाजीनगरही. संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात छातीतलं पाणी काढलं, स्कॅन झाला, सुई घालून गाठीचा तुकडा घेतला.

निकाल ऐकायला आत गेलो तो मी आणि भाऊजी. ताईला बाहेर बाकावर बसवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा कॅन्सर आहे, छातीतल्या पाण्यातही त्याच्या पेशी सापडल्या, म्हणून याला चौथी पायरी म्हणतात. त्या पुढेही काही बोलत होत्या. भाऊजींनी हात जोडले आणि उठले. त्यांच्यामागून मीही उठले. बाहेर ताईनं विचारलं तेव्हा भाऊजी म्हणाले, छातीत पाणी झालंय, औषधानं आटेल. तिला सांगायचं नाही हे आम्ही ठरवलंसुद्धा नव्हतं. ते आपोआपच झालं, जसं सगळ्यांकडे होतं.

आणि मग लग्न. ताईची एकच मुलगी. शेतकी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. संग्रामपूरकडची सोयरीक आधीच पक्की होती. मुलगा शिक्षक, घर समंजस. ठरलं होतं की उन्हाळ्यात परीक्षा होऊ दे, निकाल लागू दे, मग पाहू. भाऊजींनी फोन करून ते सगळं जानेवारीवर आणलं. मुलाकडचे लगेच हो म्हणाले. अशा वेळी कोणी नाही म्हणत नाही.

हाताला काम मिळालं की माझं मन ताळ्यावर येतं. मी फ्रीजवर नवा कागद लावला. विहार, आचारी, मंडप, पाहुण्यांच्या गाड्या, साड्या. माझा नवरा म्हणाला, लग्न लागतंय की शाळेचं स्नेहसंमेलन? मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. भाचीला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, परीक्षेचं काय?" मी म्हटलं, लग्नानंतरही देता येते. तिलाही माहीत होतं आणि मलाही, की शेवटच्या वर्षातून मधेच उठून सासरी गेलेली मुलगी पुन्हा त्या बाकावर क्वचितच येऊन बसते. ती बरं म्हणाली. आईसाठी.

त्या आठवड्यात माझ्याकडे भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. लोक बिस्किटांचे पुडे घेऊन यायचे, ताईसमोर खाली मान घालून बसायचे आणि चहा घेऊन जायचे. एकानं कसलंसं चूर्ण आणलं, एकीनं काढा. ते मी सगळं माळ्यावर ठेवलं.

मग एका दुपारी ताई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. मी कणीक मळत होते. ती अगदी सहज, शेंगेवरून नजर न काढता बोलली.

"मले कॅन्सर हाय न व?"

मी विचारलं, कोण म्हणालं.

"कोणी नाही म्हटलं. म्हणून तं विचारून राह्यली." तिनं दाणे वाटीत टाकले. "तुह्ये भाऊजी जन्मात माह्या मनासारखे वागले नाहीत. आता मी म्हटलं मांडव नको, तं हो. म्हटलं मांडव पाहिजे, तरी हो. अन् काल पाहुण्याच्या हाती माह्या जावेनं भरीत पाठवलं. तिनं. जे मले मोटरीच्या बटनाले हात लावू देत नाही, तिनं. माणूस मरत असल्याबिगर तिच्या हातून वांगं सुटते काय?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. पिठाचे हात डोळ्यांना लावता येईनात. मी हो म्हटलं. गाठ आहे, कॅन्सरची आहे, चौथी पायरी आहे, जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत राहिली. वाटी भरल्यावर म्हणाली, "चौथीच्या पुढं काय असते?"

"पुढं काही नसतं, ताई."

"असं डॉक्टरीण म्हणे, का तुम्हीच?"

आणि मी थांबले. कारण तसं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या. त्या पुढे बोलत होत्या. तुकड्याची आणखी एक तपासणी पाठवली आहे, ती आल्यावर या, असं काहीतरी. आम्ही चौथी हा शब्द ऐकला आणि उठून आलो. शाळेत कोणी अर्धी सूचना ऐकून निघालं तर मी त्याला परत बोलावते. इथे मीच निघून आले होते आणि आल्याबरोबर मंडप ठरवायला बसले होते.

"चल," ताई म्हणाली. "मले घेऊन चल. मीच विचारतो."

भाऊजींना बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं गेलो. बाहेरच्या बाकांवर नेहमीची गर्दी होती. ताईला आता आपला आजार माहीत होता, त्यामुळे ती उत्साहानं शेजाऱ्यांच्या चौकशा करत बसली. एका माणसाची गाठ लहान असतानाच सापडली होती, फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकला होता आणि तो आता नुसता तपासणीला येत होता. एक बाई दर थोड्या आठवड्यांनी सलाइनमधून औषध घेत होत्या, त्यांचे केस गेले होते, पण त्यांनी सोबत विणकाम आणलं होतं. कोणाची किरणं चालू होती. मी आजवर या सगळ्याला एकच आजार समजत होते. बाकावर बसलेल्यांपैकी कोणा दोघांचं औषध सारखं नव्हतं.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, तुम्हाला किती माहिती हवी आहे? ताई म्हणाली, सगळी. पण हळू सांगा, ही माही बहीण लिहून घेईल. भाऊजी दाराजवळच उभे राहिले. ताईनं त्यांना खुर्चीकडे बोट दाखवलं.

तपासणीचा निकाल आला होता. डॉक्टरीणबाईंच्या आवाजातच ते कळत होतं. त्या म्हणाल्या, "गाठीच्या पेशींमध्ये एक बदल सापडला आहे. असं समजा, की पेशीला ‘वाढ’ असं सांगणारं एक बटण आहे आणि ते चालूच राहिलं आहे. सगळ्यांच्या गाठीत असं नसतं. तुमच्या गाठीत आहे. आणि ते बटण दाबून बंद धरणारी गोळी आहे."

"म्हंजे मोटर चालू राह्यली," ताई म्हणाली, "अन् आपण जाऊन बंद करायची."

"बरोबर. पण रोज जाऊन बंद करायची. एक दिवस चुकवायचा नाही."

सलाइन नाही, भरती नाही, केस जाणार नाहीत. रोज एक गोळी, घरी, ठरलेल्या वेळेला. मला खुर्चीत बसवेना. मी लिहीत होते आणि पेन कागदात घुसत होतं. पण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तिथेच सोडलं नाही. त्या म्हणाल्या, ही गोळी आजार मुळासकट काढत नाही, आवरून धरते. ज्यांच्यात हा बदल असतो त्यांच्यापैकी पुष्कळांना चांगला गुण येतो, पण येईलच असं आधी सांगता येत नाही. कोणाला ती महिनोन्‌महिने पुरते, कोणाला वर्षं. पुढे कधीतरी गाठ दुसरी वाट शोधते, तेव्हा पुन्हा तपासायचं आणि पुढचं औषध पाहायचं. तीन महिन्यांनी स्कॅन करू, तेव्हा समजेल.

तंबाखू नाही, मशेरी नाही, मग मलेच काऊन, हे ताईनं विचारलंच. त्या म्हणाल्या, कधी काही न ओढलेल्या बायकांना हा आजार झालेला आम्ही नेहमी पाहतो. चुलीचा धूर असेल, आणखी काही असेल, एक कारण सांगता येत नाही. तुमची चूक नाही एवढं नक्की. ताईनं मान हलवली आणि तिला खरं विचारायचं होतं ते विचारलं.

"पोरीची परीक्षा उन्हाळ्यात हाय. तोवर मी राहतो काय?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कागद चाळले. "तारखेची हमी मी देत नाही. कोणालाच देत नाही. पण मुलीनं आज शिक्षण सोडावं असं कारण मला या कागदांत दिसत नाही."

बाहेर आल्यावर रुग्णालयाच्या पायऱ्यांवरच ताईनं भाऊजींना सांगून टाकलं, लग्न जानेवारीत नाही. भाऊजींचा चेहरा उतरला. ते कधी नव्हे ते मोठ्यानं बोलले, "अन् गोळी नाही लागू पडली तं? तुले पाहाले भेटन का पोरीचं लग्न?"

"नाही भेटलं तं नाही भेटलं," ताई म्हणाली. "मी फुलं टाकावं म्हणून तिनं वर्ष फेकावं काय?"

 भाऊजींचं म्हणणं खोटं नव्हतं आणि ताईलाही ते माहीत होतं. गोळी चालली नाही, तर मुलीचं लग्न तिच्याविना होणार होतं. हे तिनं डोळे उघडे ठेवून स्वीकारलं होतं. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी वहीत औषधाच्या वेळा लिहिल्या, लग्नाच्या पानावर मोठी रेघ मारली आणि पुढची कामं मांडत बसले. त्यात गोळीच्या खर्चासाठी सरकारी योजनेचे कागद जमवणं हेही आलं. कार्यालयातल्या बाईला कागद जमवायला शिकवावं लागत नाही, ते काम झालं.

विहीणबाईंना फोन ताईनंच केला. आपला आजार त्याच्या नावासकट सांगितला, गोळीचं सांगितलं आणि म्हणाली, आता तुम्हाला सोयरीक मोडायची असली तर आजच सांगा, मनात ठेवू नका.  विहीणबाई म्हणाल्या, मोडायची कायले? आम्ही तर आचाऱ्याला कसं शोधावं या काळजीत होतो, बरं झालं वेळ मिळाला. ताईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, बाई चांगली आहे, हिच्याशी भांडता येईल.

गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यांत त्रास झाला. चेहऱ्यावर पुरळ आलं, जुलाब झाले, नखांच्या कडा दुखायला लागल्या. हे होऊ शकतं असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. मीठ-साखरेचं पाणी, मलम, उन्हात जाताना डोक्यावर पदर, आणि काही वाढलं की फोन. सकाळी मोबाइलचा गजर वाजला की माझा नवरा ओरडायचा, मोटर बंद करा. आमच्या घरात गोळीला तेच नाव पडलं.

नंतर एकेक गोष्ट बदलायला लागली. आधी खोकला कमी झाला. तो बंद होताना कोणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस घर इतकं शांत का वाटतंय म्हणून मी पंखा चालू आहे का ते पाहिलं, तेव्हा समजलं. मग भूक आली. ताईला माझ्या भाजीत तेल कमी वाटू लागलं, ठेचा मिळमिळीत वाटू लागला. मग एका संध्याकाळी बाजारातून येताना ती माझ्या पुढे चालत होती आणि मीच तिला थांब म्हणत होते. बालाजी मंदिराजवळच्या चढावर मी उभी राहून तिच्या पाठीकडे पाहिलं. पिशवीही तिच्याच हातात होती.

पण खरं कळायचं ते स्कॅनमध्ये. त्या दिवशी आम्ही सगळे गेलो, भाचीसुद्धा वसतिगृहातून आली. मी पाण्याची बाटली, जुन्या फिल्म, जुने कागद, सगळं क्रमानं लावून नेलं होतं आणि तरी पिशवी दहा वेळा उघडून पाहत होते. भाऊजी बाहेर फेऱ्या मारत होते. भाचीनं अभ्यासाचं पुस्तक उघडलं होतं, पण पान उलटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मला त्यातलं काही समजत नाही, पण जुन्या फोटोतला पांढरा गोळा नव्या फोटोत शोधावा लागला. तो होता, पण केवढासा. छातीतलं पाणीही पुन्हा भरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, खूप चांगला गुण आहे, असंच चालू ठेवा, पुन्हा काही महिन्यांनी पाहू. मी "म्हणजे नेमकं किती लहान" असं तीनदा विचारलं. भाची रडायला लागली. भाऊजी पुढे होऊन स्क्रीनजवळ वाकले आणि त्यांनी विचारलं, "हा हिचाच फोटो हाय न, मॅडम?"

ताई मात्र मुलीकडे वळली. "आता रडू नको. परीक्षा कधी हाय?"

येताना बसस्थानकावर आम्ही सगळ्यांनी कचोरी खाल्ली. ताईला तिखट चालेल का, हे कोणी विचारलं नाही.

लग्नाची तारीख या वेळी भाचीनं ठरवली. परीक्षा चांगली गेली होती. निकाल, मग नोकरीच्या मुलाखती, आणि लग्न हिवाळ्यात, सोयाबीन घरात आल्यावर. मला वाटलं ताई म्हणेल, इतकं लांब नको. ती म्हणाली, बरोबर आहे, उन्हात पाहुण्यांचे हाल होतात. फ्रीजवरच्या कागदावर मी आधी पुढचा स्कॅन लिहिला आणि त्याच्या खाली लग्न. दोन्हींवर अजून रेघ नाही.

ताई केव्हाचीच धामणगावला परत गेली आहे. गोळीच्या वेळी मी रोज फोन करते. ती चिडते, पण उचलते. मागच्या आठवड्यात मात्र मी करायच्या आधीच तिचा फोन आला. आवाज चढलेला, त्यात आनंद मावत नव्हता. मी म्हटलं, काय झालं?

"जावेनं आज मोटर बंद केली माही. भुईमुगाले पाणी चालू होतं, अर्ध्यातच बंद केली. म्हणे पाळी तिची हाय."

"मग?"

"मंग काय, भांडली मी. विहिरीपासून तिच्या दारापर्यंत भांडत गेली." ती हसली. "लय दिवसांनी, दम न लागता."

गोळी घेतली का म्हणून मी विचारलं. घेऊनच भांडाले गेली होती, म्हणाली.